घोडा, मा. पा.

पाय

कुठलाही प्राणी पायांवर उभा राहतो, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. पण केकचा प्राणी पायांतूनच बसतो, हे कळायला तीन वर्षं लागतात. धाकटीला तेवढी लागली होती. म्हणून तिच्या हातून आजवर जे जे प्राणी बाहेर पडले ते सगळे बसलेले. बसलेला कुत्रा, बसलेला हत्ती, लोळणारं मांजर, पोटावर पडलेली मगर. एका बाईंनी जिराफ मागितला होता, तोही तिनं बसवला. जिराफ बसतो का, आणि बसलाच तर मानेचं काय करतो, हे त्या बाईंनी विचारलं नाही आणि धाकटीनं सांगितलं नाही.

धाकटी म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी. वयानं म्हणाल तर अठ्ठावन्न पूर्ण. गल्लीत तिला दातवाल्या काकू म्हणतात, कारण तीस वर्षं ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. मेणात दात कोरायचे, हिरडीला गुलाबी छटा द्यायची, म्हाताऱ्यांना परत हसतं करायचं. ती नोकरी संपली, नवरा आधीच गेला होता, आणि हात काही गप्प बसेनात. मग केक. "आधी दात बसवले, आता किडवते," असं ती स्वतःच सांगते, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

थोरली चौसष्टची. बांधकामाच्या एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढले. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "मापात बसलं नाही" म्हणते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून दोन महिन्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन धाकटीकडे आली. गुडघा आता बरा आहे. अडचण तीच आहे.

कारण गुडघा बरा झाला म्हणजे राहायला कारण उरलं नाही. दुसऱ्या गावातली तिची भाड्याची खोली अजून तिच्या नावावर होती, आणि घरमालकीणबाईंचा निरोप आला होता: येताय की सोडताय ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, दुसरी माणसं विचारताहेत. धाकटीला वाटत होतं, ताईनं राहावं. फार वाटत होतं. पण त्यांच्या घरात असलं काही तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. त्यांच्या आईनं उभ्या जन्मात कुणाला "थांब" म्हटलं नव्हतं; फार तर जाणाऱ्याच्या चपला दिसत नाहीत म्हणायची.

तेव्हा धाकटीनं काय केलं, तर फोनवर ऑर्डरी घ्यायचं काम ताईला देऊन टाकलं. काम असलं की माणूस टिकतं.

ताईनं घेतलेली पहिली मोठी ऑर्डर वहीत अशी होती:

*घोडा. उंची एक हात.*
*लाकडी तपकिरी. अंगावर पांढरे शिंतोडे, एखादा निळा, एखादा पिवळा.*
*चार पाय. डाव्या पायाला फडकं बांधलेलं. मा. पा.*
*वडिलांची निवृत्ती. चाळीस वर्षांची साथ.*
*शनिवार, चार वाजता. तीस माणसं.*

धाकटीनं वाचलं आणि तिच्या अंगात वारं शिरलं. घोडा बसवता येत नाही. बसलेला घोडा म्हणजे आजारी घोडा, आणि निवृत्तीच्या दिवशी आजारी घोडा कोण देईल? म्हणजे उभा. म्हणजे चार पाय, त्यावर पाच किलोचं धड, वर मान. तीन वर्षं जे टाळलं ते आता दारात येऊन खिंकाळत होतं.

निळा शिंतोडा घोड्याच्या अंगावर कसा, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पडला. पण लोक केकात काय काय मागतात हे तिला ठाऊक होतं. जांभळी मगर तिनं याच ओट्यावर केली होती. आणि घोड्याच्या पायाला फडकं म्हणजे बिचाऱ्याला लागलं असणार. मा. पा. म्हणजे मागचा पाय. मागचा डावा. ताईचं लिहिणं नेमकं असतं, यात वादच नव्हता.

पाय केकचे होत नाहीत. जाड लाकडी फळीला चार भोकं पाडून त्यात चार पोलादी सळ्या पक्क्या केल्या; सळ्यांभोवती वितळलेल्या साखरेत घोळलेले कुरमुरे दाबून दाबून मांड्या, गुडघे, खूर असे भरले. बुधवारी दुपारी चारी पाय ओट्यावर उभे होते आणि वर काहीच नव्हतं. धाकटी त्यांच्यासमोर स्टूल टाकून चहा प्यायली. अर्धा घोडा तर झाला होता, आणि तोही अवघड अर्धा.

धड

गुरुवारी घट्ट बटर केकचे सात थर, मध्ये चॉकलेट, वरून फ्रिजमध्ये चार तास. मग दातेरी सुरी. इथे भीड उपयोगाची नाही. लॅबमधले साहेब नव्या पोरींना सांगायचे, मेण घालता येतं, काढलेलं हसू परत आणता येत नाही, तेव्हा काढताना विचार करा. धाकटीनं विचार केला आणि काढलं. पोट सुटलेला, पाठ जराशी वाकलेली, चाळीस वर्षं राबलेला घोडा तिला हवा होता. शर्यतीचा नको.

कातरणांचा ढीग झाला. ताई दारात येऊन उभी राहिली.

"कसा वाटतो?" धाकटीनं विचारलं.

ताईनं चष्मा वर केला, खाली केला. "घोडा आहे का हा?"

"मग काय गाढव आहे?"

"नाही, तसं नाही," ताई म्हणाली. "छान आहे." मग स्वतःच्या खोलीत, म्हणजे जिला ती अजून "तुझी मागची खोली" म्हणायची त्या खोलीत निघून गेली.

दोन महिने हेच चाललं होतं. भाजी छान आहे. पडदे छान आहेत. टीव्हीचा आवाज, छान, म्हणजे ठीक आहे, राहू दे तसाच. लहानपणी जिनं धाकटीच्या वेणीचा भांग चुकला म्हणून तीनदा वेणी सोडायला लावली, भूमितीच्या वहीतली आकृती फाडून परत काढायला लावली, ती बाई आता मिठाशिवायच्या वरणालाही छान म्हणत होती. आमटीत मीठ दुप्पट पडलं तरी एक अक्षर बाहेर येणार नाही असं तोंड तिनं मिटून घेतलं होतं.

दात

शुक्रवार सगळा डोक्यात गेला. डोक्यात म्हणजे घोड्याच्या.

तपकिरी साखर पातळ लाटून अंगावर चादरीसारखी पांघरली, कडा हातानं निपटल्या, ब्रशनं छाया दिल्या. पांढरे शिंतोडे म्हणजे ठिपके, ते कपाळावर नि पुठ्ठ्यावर. निळा एकच, कानामागे, सहसा दिसू नये असा. मागच्या डाव्या पायाला साखरेचंच फडकं, त्याला बारीक गाठ.

आणि मग तिला राहवलं नाही. घोड्याचे ओठ तिनं मिटलेले ठेवले होते. ते उघडले.

दात कुणी मागितले नव्हते. पण तीस वर्षं जिनं माणसांचेच दात केले तिला समोर एवढा मोठा जबडा मिळाल्यावर ती काय सोडणार? लॅबमधल्यासारखीच कोरायची हत्यारं तिनं केकसाठी नवी घेतली होती. एकेक दात वेगळा वळला, किंचित पिवळा, मुळाशी गडद; समोरच्या दोघांत हलकी फट; एकाचा कोपरा उडालेला. हिरडीला तोच जुना गुलाबी. संध्याकाळी पाचला घोडा हसायला लागला. नुसता नाही, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा.

"हसतोय," ताई म्हणाली.

"निवृत्त होतोय, रडेल कशाला?"

ताईनं वाकून दात पाहिले. बराच वेळ पाहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि ती बोलली ते भलतंच: "उद्या घरमालकीणबाईंना फोन करायचाय. जाईन म्हणते मी परत."

धाकटीच्या हातात ब्रश होता. तो तिनं पाण्यात बुडवला, पुसला, परत बुडवला.

"गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय. आणि इथे तुझं सगळं नीट लागलेलं आहे. मी आपली मधल्यामध्ये."

राहा ना, हे दोन शब्द. दीड वर्षाची पोरंही इतके बोलतात. धाकटी म्हणाली, "बघ बाई, तुझं तू."

शेपूट

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. ताई खोक्यासाठी रिबन आणायला गेली होती, म्हणून धाकटीनंच घेतला. तिकडून निवृत्त होणाऱ्या माणसाची मुलगी बोलत होती. आवाज घाईतला, मागे खुर्च्या सरकवल्याचा खडखडाट.

"काकू, एक राहिलंच सांगायचं. पायऱ्या सातच हव्यात हं. मी त्या दिवशी ताईंना आठ म्हटलं की काय असं वाटलं मला. बाबा मोजतील."

"पायऱ्या," धाकटी म्हणाली.

"घोड्याच्या. बाबा नेहमी म्हणतात, सात पायऱ्या रंगाऱ्याला वर नेतात, आठवी खाली आणते. आमच्याकडे कधी आठ पायऱ्यांचा घोडा आलाच नाही."

धाकटी उभी होती तिथून ओटा दिसत होता. ओट्यावर घोडा दिसत होता. घोडा तिच्याकडे बघून दात काढत होता.

"बाबा रंगारी आहेत," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"हो ना. चाळीस वर्षं त्या एका घोड्यावर. आता डुगडुगतो, पायाला फडकं बांधून चालवतात, पण नवीन घ्यायला तयार नाहीत. म्हणून तर म्हटलं केक त्याचाच करू या. झालाय ना?"

"होतोय," असं म्हणून धाकटीनं फोन ठेवला.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: दोन्ही बाजूंनी टेकणारी, वर बिजागरीनं जोडलेली, भिंतीचा आधार न मागता मधोमध उभी राहणारी जी लाकडी शिडी, तिला रंगारी घोडा म्हणतात. सुतार म्हणतात, दिवे लावणारे म्हणतात. आणि धाकटीही म्हणायची. तिच्या माळ्यावर एक घोडा होता. गेल्याच आठवड्यात बल्ब गेला तेव्हा ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती, "ताई, जरा घोडा धर, मी चढते."

मा. पा.

पहिला विचार आला तो घोड्याचा नव्हता, ताईचा. ताईनं घेतलेली पहिली ऑर्डर आणि तिच्यात ही चूक. हे तिला कळलं तर बारा वाजायच्या आत दोन्ही बॅगा दारात दिसतील. "तरी म्हटलं मी मधल्यामध्ये," असं म्हणेल आणि पुढे वीस वर्षं म्हणत राहील.

तेव्हा कळू द्यायचं नाही. धाकटीनं ठरवलं, आणि रिबन घेऊन ताई आत आली तेव्हा तिला म्हणाली, "अगं, त्या लोकांनी ऐन वेळी बेत बदलला बघ. आता म्हणतात शिडी हवी."

ताई चप्पल काढता काढता थांबली. "बदलला? कधी?"

"आत्ताच. फोन आला होता."

"पहिल्यापासून शिडीच होती ती."

धाकटीनं वहीकडे बोट केलं.

"वहीत घोडा लिहिलंय," धाकटी म्हणाली.

"घोडाच म्हणतात त्याला. तूही म्हणतेस."

"अगं, पण पायऱ्या, रंगारी, कशाचा पत्ता नाही. एवढं नेमकं लिहितेस तू, मग..."

"मागे आहे ना सगळं. मागे पाहा म्हणून लिहिलंय की."

धाकटीनं वही ओढली. *डाव्या पायाला फडकं बांधलेलं. मा. पा.*

"मा. पा.," ती म्हणाली.

"मागे पाहा. नकाशावर लिहितात तसं. चौतीस वर्षं लिहिलंय."

धाकटी वहीच्या मागच्या पानावर कधी लिहीत नसे, म्हणून तिनं पान कधी उलटलं नव्हतं. आता उलटलं. पानभर शिडी होती. समोरून, बाजूनं, वरून. पायऱ्या सात, शेजारी आठचा आकडा लिहून प्रश्नचिन्ह. दोन पायऱ्यांतलं अंतर. फळीची जाडी. तिसऱ्या पायरीला बाण, *इथे मधोमध झीज, ते सर्वांत जास्त इथे उभे राहतात*. पुढच्या डाव्या पायाला गोल, *फडकं, निळ्या चौकटीचं*. कोपऱ्यात बारीक अक्षरात *रंगारी*. फोनवर एका अनोळखी पोरीकडून ही बाई एवढं सगळं काढून बसली होती.

"मला वाटलं मागचा पाय," धाकटी म्हणाली.

"कोणाचा?"

"घोड्याचा. माझ्या घोड्याचा. मागचा डावा."

ताईनं ओट्यावरच्या घोड्याकडे, त्याच्या मागच्या डाव्या पायाकडे, त्या बारीक गाठीकडे पाहिलं. तिचे खांदे हलले. पण ती हसायच्या आत धाकटीच्या डोक्यात दुसरंच पेटलं.

"थांब. तुला गुरुवारीच दिसलं होतं. तू दारात उभी होतीस. घोडा आहे का म्हणून विचारलंस."

"विचारलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस, मग काय गाढव आहे."

"मी काहीही म्हणेन. तू मोठी आहेस ना? बोलायचं ना, की अगं बये, शिडी हवीय."

"मला वाटलं तुझी काही कल्पना असेल. कलेतलं मला काय कळतं."

"ताई."

"बरं. नाही वाटलं." ताई खुर्चीवर बसली. रिबनची गुंडाळी हातातच होती. "कळलं होतं की चुकतंय. पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या ओट्यावर उभं राहून कसं सांगायचं? दोन महिने झाले फुकट राहतेय. त्यात चुकाही काढू?"

"तीन दिवस. तीन दिवस मी घोडा केला आणि तू छान म्हणालीस."

"छान झालाच आहे."

"तुझं ते छान घाल चुलीत. दोन महिने छान ऐकतेय मी. वरणात मीठ नव्हतं तेव्हाही छान. मला वाटतं कुणी अनोळखी बाई राहतेय घरात. लहानपणी वेणीवरून जीव खायचीस, ती कुठे गेली? मला ती हवीय. तिच्यासाठी मागची खोली लावलीय मी, पाहुण्यांसाठी नाही."

झालं. तोंडून निघून गेलं, आणि तेही भांडताना, म्हणजे दोघींनाही न ऐकल्यासारखं करायची सोय होती. ताईनं ती घेतली. रिबन टेबलावर ठेवली, घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजत होते.

"कचेरीत असते तर गुरुवारीच सांगितलं असतं," ती म्हणाली. "कचेरीत हातात लाल पेन्सिल असायची."

केकवर अक्षरं काढायला खायच्या शाईची पेनं असतात. धाकटीनं ड्रॉवर उघडला, त्यातलं लाल काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

पायऱ्या

१

ताईनं आधी चष्मा पुसला. मग उठली, घोड्याभोवती एक फेरी मारली, आणि त्याच्या पोटावर, पाठीवर, मानेच्या बुडाशी सरळ लाल रेघा ओढल्या. "इथे काप. इथे. आणि इथे. तीस माणसांना पुरेल एवढा चौकोन निघतो, दोन बोटं जास्तच. सळ्या वरून नाही, खालून काढ."

"शिडी केकची नाही राहणार उभी."

"केकची कोण म्हणतंय? बिस्किटाच्या फळ्या भाज. लाकडासारख्याच दिसतात. आपला हा केक खाली, जमीन म्हणून. शिडी वर."

"बिस्किट मोडेल."

"जाडी मी सांगते."

२

जाडी तिनं सांगितली. अर्धं बोट. धाकटी पाऊण म्हणाली. ताई म्हणाली पाऊण केलीस तर रंगाऱ्याची शिडी नाही, पुलाचा खांब दिसेल. अर्धं ठरलं. वहीतला नकाशा ताईनं जाड कागदावर मोठा करून कापला, पिठाच्या लाटीवर ठेवला आणि कडेनं सुरी फिरवली. चार लांब पाय, सात पायऱ्या, मागच्या बाजूला तीन आडव्या पट्ट्या. शिवाय प्रत्येकी एक जादा, कारण "काम करणाऱ्या माणसाच्या हातून एक तरी मोडतंच".

एकच मोडलं. ताईच्याच हातून. कुणी काही बोललं नाही; म्हणजे धाकटी बोलली, पण पुटपुटली.

३

घोड्याचं डोकं हातात घेऊन धाकटी उभी राहिली. ते कापायचं होतं की टाकायचं होतं, तिला ठरवता येईना.

"त्याला हात लावू नकोस," ताई म्हणाली. "दात उत्तम झालेत. तो कोपरा उडालेला दात तर मी काल बघतच राहिले. फक्त खालचे दोन जरा रुंद झाले, घोड्याचे खालचे अरुंद असतात."

दोन महिन्यांत शंभरदा छान ऐकून जे झालं नव्हतं ते यानं झालं. धाकटीला एकदम आपण चांगलं काम करतो असं वाटलं. डोकं तिनं फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात, लोण्याच्या शेजारी ठेवलं.

४

चौकोनावर पांढरी साखर लाटून टाकली, रंगारी जमिनीवर जुनी चादर टाकतात तशी, चुण्या पाडून, एक कोपरा दुमडलेला. तिसऱ्या पायरीची झीज धाकटीनं घोड्याचे दात कोरलेल्या त्याच नव्या कोरणीनं काढली. बिस्किट गरम होतं तेवढ्या दोन-तीन मिनिटांतच ते कोरता येतं; मधोमध जरासं खोलगट, दोन्ही टोकांना अंग धरून. पावलानं चाळीस वर्षांत केलं ते तिनं दोन मिनिटांत केलं.

मग शिडी वितळलेल्या चॉकलेटनं जोडली. ताईनं दोन्ही बाजू धरल्या, कोन डोळ्यांनी मोजला, "आणखी. आणखी. बास," म्हणाली आणि सांधा आळेपर्यंत वीस मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहिली. नाकाला खाज आली तेव्हा धाकटीनं खाजवून दिली.

५

शिडी उभी राहिली.

६

शिंतोडे उरले होते. पांढरं चॉकलेट पातळ करून ब्रश बुडवायचा आणि बोटानं दांडीवर टिचकी मारायची. धाकटीनं ब्रश ताईच्या हातात दिला.

"मी? अगं, मी चौतीस वर्षांत कागदावर एक थेंब पडू दिला नाही."

"म्हणूनच."

पहिला थेंब घाबरत पडला. दुसरा जरा लांब. पाचव्या टिचकीला ताईचं तंत्र बसलं आणि मग ती थांबेना. शिडीवर, चादरीवर, फळीवर, फरशीवर. एक धाकटीच्या चष्म्यावर, तो चुकून असं ती अजून म्हणते. मग निळा. मग पिवळा. चौसष्टाव्या वर्षी तिला कळलं की थेंब सांडायलाही नेम लागतो.

शेवटी पुढच्या डाव्या पायाला फडकं बांधलं. निळ्या चौकटी ताईनं पेनानं आखल्या, पट्टी लावून.

पावणेचारला त्या रंगाऱ्याच्या दारात होत्या. मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं जमली होती, आणि मधोमध खरा घोडा उभा होता, धुऊन पुसून. केक त्याच्या शेजारच्या टेबलावर ठेवला. रंगारी लहानखुरा माणूस. नखांच्या कडांत रंग, नवा शर्ट, बाहीची घडी मोडायची राहिलेली. तो वाकला, पायऱ्या मोजल्या, ओठ हलताना दिसले. मग बोट तिसऱ्या पायरीवर नेलं, टेकवलं नाही, वरच धरलं.

"ही झीज कुणी बघितली?" त्यानं विचारलं.

"बघितली नाही," ताई म्हणाली. "विचारली."

"माझ्या बायकोनं आजवर विचारली नाही."

"मला काय माहीत तू कुठे उभा असतोस," बायको मागून म्हणाली. "मी खालून ओरडत असायची, खाली उतर म्हणून."

सगळे हसले. रंगाऱ्यानं हळूच टेबलाला धक्का देऊन पाहिला, खरा घोडा चढायच्या आधी हलवून बघतात तसा. बिस्किटाची शिडी थरथरली आणि थांबली. त्याची मान हलली. हातात सुरी दिली तेव्हा त्यानं चादरीचा कोपरा कापला, शिडीला कुणाला हात लावू दिला नाही. मुलीनं धाकटीला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस लागले. धाकटी म्हणाली, "तीन दिवस आणि एक सकाळ."

७

घरी आल्यावर चहा टाकला. ताईनं फोन घेतला आणि घरमालकीणबाईंचा नंबर लावला. धाकटी गॅसकडे तोंड करून उभी राहिली, पाठीला कान लावून.

"हो, मीच. हो, शनिवारच आहे. नाही, येत नाही. खोली द्या त्यांना." मग बराच वेळ तिकडचं ऐकणं. "गुडघा उत्तम आहे, त्याचा काही संबंध नाही. ऐका, भांडी तुम्हीच ठेवा. कपाटही. फक्त माझं नकाशांचं टेबल पाठवून द्या. ते दारातून अखंड जात नाही, पाय काढावे लागतात. खाली चार चाव्या आहेत, डावीकडे फिरवायच्या. डावीकडे. तुमच्या डावीकडे."

फोन ठेवला. धाकटीनं दोन कप भरले.

"टेबल," ती म्हणाली. "ते टेबल? दारापेक्षा मोठं? कुठे मावणार आहे ते?"

"फ्रिज आहे तिथे."

"आणि फ्रिज?"

"दारामागे. मुळात तो तिथे चुकीचाच आहे. ओव्हनच्या अंगाला लावून ठेवलाय. एक तापतो, दुसरा गार करतो, दोघं एकमेकांशी भांडत बसतात. आल्या दिवसापासून बघतेय मी."

धाकटी चहाचे कप घेऊन टेबलाशी आली. "आणखी काय काय बघतेयस आल्या दिवसापासून?"

ताईनं वही पुढे ओढली, कोरं पान काढलं आणि लाल पेनचं टोपण उघडलं. "बस," ती म्हणाली. "वेळ लागेल. ओट्यापासून सुरू करू."

धाकटीनं स्टूल ओढलं आणि बसली.